वाचक विचारतात : कॅमेऱ्याने घेतलेले चष्म्याचे माप

चष्म्याच्या दुकानात पूर्वी नाकावर पट्टी धरून माप घेत असत. आता फ्रेमवर एक क्लिप बसवून टॅबलेटने फोटो काढतात, किंवा आरशासारख्या उभ्या यंत्रासमोर उभे करतात, आणि त्या मापावरून ‘खास तुमच्यासाठी’ काच करून देतो असे सांगून वरचे पैसे मागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ असून वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. दोन वर्षांपूर्वी प्रोग्रेसिव्ह (लांबचे आणि जवळचे एकाच काचेतून दिसणारा) चष्मा केला, परंतु मागावर तुटलेला धागा शोधताना सारखी मान वर-खाली करावी लागे आणि बाजूचे सगळे धूसर दिसे, म्हणून तो चष्मा डबीतच पडून आहे. आता एका दुकानात टॅबलेटने फोटो काढून ‘या मापाने केलेला प्रोग्रेसिव्ह अजिबात त्रास देणार नाही’ असे सांगितले. हा फोटो म्हणजे नंबराची तपासणीच असते का, आणि त्यासाठी जास्त पैसे घालावेत का?

नाही, या फोटोतून नंबर कळत नाही. नंबर ठरतो तो अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून, एकामागून एक काचा बदलून केलेल्या तपासणीत. टॅबलेटचा फोटो एवढेच सांगतो की ती ठरलेली काच आपल्या डोळ्यासमोर नेमकी कुठे, किती अंतरावर आणि किती कलून बसणार आहे. या दोन गोष्टींची दुकानात बेमालूम सरमिसळ केली जाते. त्यामुळे फोटो काढला म्हणजे डोळे तपासून झाले, असा समज करून घेऊ नये. आपल्या वयात काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब आणि पडद्याची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून वेगळी करून घ्यावी लागते.

आता माप कशाचे घेतात ते पाहू. पहिले माप प्रत्येक बाहुलीचे नाकाच्या मध्यापासूनचे अंतर. दुकानदार ज्याला पीडी म्हणतात ते दोन्ही बाहुल्यांमधील अंतर प्रौढांत बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण ते दोन्ही बाजूंना सारखे विभागलेले असतेच असे नाही. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३२ असणे ही नेहमीची गोष्ट आहे. दुसरे माप फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतच्या उंचीचे. त्यानंतर काच आणि डोळा यांमधील अंतर, जे साधारणपणे १२ ते १४ मिलिमीटर असते. फ्रेमचा खालचा भाग गालाकडे किती कलला आहे तो कोन, जो बऱ्याच चष्म्यांत ८ ते १२ अंश असतो. आणि फ्रेम चेहऱ्याभोवती किती वळली आहे तो कोन. क्लिपवर ज्या काळ्या खुणा दिसतात त्यांच्यातील अंतरे यंत्राला आधीच ठाऊक असतात. फोटोत त्या खुणा किती मोठ्या दिसतात यावरून एका मिलिमीटरला फोटोतले किती ठिपके (पिक्सेल) ते कळते, आणि त्या तिरप्या किंवा आखूड दिसल्या तर त्यावरून कलाचा कोन काढता येतो. बाहुली शोधण्यासाठी बुबुळावर उमटलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाचा उपयोग होतो. कॅमेरा जवळ असल्यामुळे डोळे थोडे आत वळतात, ती चूक गणिताने वजा केली जाते.

प्रोग्रेसिव्ह काचेला या मापांची इतकी गरज का असते, हे आपल्या जुन्या चष्म्याच्या तक्रारीवरूनच स्पष्ट होईल. बर्नार्ड मेटनाझ या फ्रेंच अभियंत्याने घडवलेली ‘व्हॅरिलक्स’ ही काच १९५९ साली बाजारात आली. तेव्हापासून आजपर्यंत या काचांची मूळ रचना तीच राहिली आहे : वरून लांबचे, खालून जवळचे, आणि या दोहोंना जोडणारी मधली अरुंद पट्टी, जिच्यातून खाली येताना नंबर हळूहळू वाढत जातो. १९६३ मध्ये मिंकविट्झ या गणितज्ञाने दाखवून दिले की त्या पट्टीत खाली येताना नंबर ज्या गतीने वाढतो, त्याच्या दुप्पट गतीने तिच्या बाजूंना नको असलेला सिलिंडर (एकाच दिशेतला नंबर, ज्याने धूसर दिसते) वाढतो. आपला जवळचा वाढीव नंबर २ आहे असे धरू. तो १४ मिलिमीटर लांबीच्या पट्टीत वाढवला, तर पट्टीच्या मध्यापासून साडेतीन मिलिमीटर बाजूला गेल्यावर एक नंबराचा नकोसा सिलिंडर येतो. १८ मिलिमीटरच्या पट्टीत तोच साडेचार मिलिमीटरवर येतो. म्हणजे स्वच्छ दिसणारी वाट एकूण सात ते नऊ मिलिमीटरच रुंद. अशा वाटेत काच दोन मिलिमीटर सरकवून बसवली गेली, तर एका बाजूला चालायला फारच थोडी जागा उरते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात, आणि दुकानदार त्यांतला एकच सांगतात. माप चुकले असेल तर नेमक्या मापाने चष्मा खरोखर सुधारतो. परंतु बाजूचे धूसरपण ही या काचेच्या रचनेतच असलेली गोष्ट आहे. ती कितीही कॅमेरे लावले तरी नाहीशी होत नाही, फार तर कुठे ढकलायची ते ठरवता येते. म्हणून ‘अजिबात त्रास देणार नाही’ हे आश्वासन मी तरी खरे मानणार नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला मापापेक्षाही मोठा वाटतो. यंत्रमागावर आपण नेमके कुठे पाहता? विणल्या जाणाऱ्या कापडाची कड कमरेच्या उंचीवर, हातभर अंतरावर असते. मागे ताणलेले उभे धागे त्याहून थोडे लांब असतात. आणि दोन मागांच्या मधून फिरताना बाजूंना सतत लक्ष ठेवावे लागते. नेहमीच्या प्रोग्रेसिव्हमध्ये हातभर अंतराचे दिसणे त्या अरुंद पट्टीच्या मध्यभागातून होते, म्हणजे आपले सगळे काम काचेच्या सर्वांत चिंचोळ्या जागेतून चालते. अशा कामासाठी लांबचा भाग कमी ठेवून मधले आणि जवळचे अंतर रुंद केलेली काच मिळते. बाजारात ती बहुधा ऑफिस लेन्स या नावाने विकली जाते, पण मागावरही ती तितकीच उपयोगी पडते. ती घालून गाडी मात्र चालवू नये. तपासणीला जाण्याआधी डोळ्यापासून कापडाच्या कडेपर्यंतचे आणि मागच्या उभ्या धाग्यांपर्यंतचे अंतर घरच्या कोणाकडून टेपने मोजून घ्या आणि ते आकडे चष्मेवाल्याला द्या. त्याने ते विचारले नाहीत, तर त्याच्या कॅमेऱ्याचा आपल्याला फारसा उपयोग होणार नाही.

जुना चष्मा टाकून देण्याआधी एक पडताळा करून पाहा. प्रोग्रेसिव्ह काचेवर कारखान्यात दोन अगदी बारीक खुणा कोरलेल्या असतात, बहुधा लहान वर्तुळे, एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर; त्यांतील एकीच्या खाली वाढीव नंबर आणि दुसरीच्या खाली कंपनीचे चिन्ह असते. काच दिव्यासमोर तिरपी धरून तिच्यावर हलकी फुंकर मारली की वाफेत त्या उठून दिसतात. त्यांवरून कंपनीच्या तक्त्याच्या आधारे चष्मेवाला काचेवर पेनने मूळ खुणा पुन्हा काढू शकतो. तो चष्मा घालून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसा. फुलीची खूण बाहुलीवर येते की खाली-वर, हे त्याला लगेच दिसेल. कदाचित जुन्या काचा बऱ्या असतील आणि फक्त नोजपॅड आवळून फ्रेम वर घेण्याचे काम असेल.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे ९ आणि डाव्याला उणे ६.५ आहे. जुन्या कार्डावर पीडी ६४ लिहिलेली होती आणि त्याच मापाने मोठ्या गोल फ्रेममध्ये नवा चष्मा केला. चार तास घातला की कपाळ दुखते आणि फळ्याकडे पाहताना डोळे ओढल्यासारखे होतात. दुसऱ्या दुकानात यंत्राने पीडी ६१ सांगितली. तीन मिलिमीटरने एवढा फरक पडतो का?

आपल्या नंबराला पडतो. काचेच्या मध्यबिंदूतून पाहिले तर किरण सरळ जातात आणि मध्यबिंदूपासून बाजूला पाहिले तर ते वळतात. किती वळतात याचा हिशेब सोपा आहे : सेंटिमीटरमधील अंतर गुणिले नंबर; उत्तर येते ते ‘प्रिझम’ या एककात. यंत्राची ६१ ही पीडी बरोबर असेल, तर ६४ च्या मापाने बसवलेली प्रत्येक काच दीड मिलिमीटर बाहेर गेली आहे. उजवीकडे ०.१५ गुणिले ९ म्हणजे सुमारे १.३५ आणि डावीकडे ०.१५ गुणिले ६.५ म्हणजे जवळजवळ १, असे दोन्ही डोळ्यांत मिळून सव्वादोनपेक्षा थोडे अधिक प्रिझम तयार झाले. उणे नंबराच्या काचा बाहेर सरकल्या की डोळ्यांना बाहेरच्या दिशेने फाकावे लागते, आणि डोळे आत वळवणे जितके सोपे असते तितके बाहेर फाकवणे नसते. त्यामुळे लांबच्या फळ्याकडे पाहताना ओढ जाणवते, हे आपले वर्णन त्याच्याशी जुळते. उणे १ नंबराच्या माणसाला हीच चूक बहुधा कळलीही नसती.

फ्रेम एका बाजूने मिलिमीटरभर जरी खाली बसली असेल, तरी उजव्या डोळ्यात आणखी ०.९ प्रिझमचा वर-खालीचा फरक येतो, आणि वर-खालीचा फरक डोळे आडव्या फरकापेक्षा फारच कमी सहन करतात. म्हणून आरशात पाहून चष्मा सरळ बसतो का ते आधी तपासा. काडी वाकली असेल तर ती सरळ करून घेण्याला पैसे पडत नाहीत आणि फरक मोठा पडतो.

अंतराचाही प्रश्न आपल्या बाबतीत खरा आहे. तपासणीच्या वेळी काच डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर होती आणि मोठी गोल फ्रेम नाकावर घसरून १६ मिलिमीटरवर बसत असेल, तर उणे ९ ची काच सुमारे ०.३ नंबराने कमी पडते. लांबचे थोडे अंधुक दिसले की नंबर वाढला असे वाटते आणि माणूस पुन्हा नवी काच करायला धावतो. प्रत्यक्षात चष्मा नाकावर वर सरकवला की दिसू लागते. आपल्या घरीच हे करून पाहता येईल.

आपल्यासारख्या नंबराला कॅमेऱ्याचे माप घेणे योग्यच आहे, पण त्याहून आधी फ्रेम लहान घ्या. जिच्या काचेची रुंदी आणि मधल्या पुलाची रुंदी यांची बेरीज आपल्या पीडीच्या जवळ येते, अशी फ्रेम निवडली तर काच जवळजवळ मध्यावर बसते, कडा पातळ राहतात आणि वजनही कमी होते. फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूस ४८, चौकोनी खूण, १८ असे छापलेले असते. ४८ ही काचेची रुंदी आणि १८ ही पुलाची. बेरीज ६६. आपल्याला ६२-६३ च्या आसपासची शोधावी लागेल.

आपण विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे : उणे ९ नंबराच्या डोळ्यात पडदा ताणलेला असतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि डोळ्यासमोर अचानक ठिणग्या, काळ्या माश्यांचा थवा किंवा बाजूने पडदा उतरल्यासारखे दिसले, तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

प्रश्न : निपाणीत मी भारी प्रोग्रेसिव्ह काचा घेतल्या. माझा नंबर उणे ६ असून सिलिंडर नाही. काचेच्या पाकिटावर मात्र दोन वेगवेगळे नंबर छापलेले आहेत आणि दुसऱ्या दुकानात यंत्रावर तपासले तर सिलिंडर दाखवतो. माझी फसवणूक झाली आहे का?

बहुधा नाही; उलट माप नीट घेतले गेल्याची ही खूण असू शकते. तपासणीच्या वेळी काच डोळ्यासमोर सरळ उभी असते आणि आपण तिच्या बरोबर मध्यातून पाहतो. फ्रेममध्ये तीच काच कललेली असते, आणि कललेली काच डोळ्याला थोडी जास्त ताकदीची आणि थोड्या सिलिंडरची लागते. उणे ६ ची काच १० अंश कलली तर सुमारे ०.१९ चा सिलिंडर आपोआप तयार होतो; १५ अंशांवर तो ०.४३ च्या घरात जातो. हे आधीच कळले, तर काच घडवताना उलटा बदल करून ठेवता येतो, म्हणजे चष्मा चेहऱ्यावर बसल्यावर डोळ्याला डॉक्टरांनी लिहिलेलाच नंबर मिळतो. त्यामुळे पाकिटावर दोन ओळी येतात : डॉक्टरांनी लिहून दिलेला नंबर आणि लेन्सोमीटरवर काच सरळ ठेवून वाचला तर जो दिसेल तो नंबर. दुसऱ्या दुकानदाराने वाचला तो हा दुसरा नंबर. त्याने पाकीट पाहिले असते, तर गोंधळ झाला नसता. पाकीट आणि कार्ड जपून ठेवा.

मात्र एक गोष्ट विचारून घ्यायला हवी. अशी काच मागवताना दुकानदाराला संगणकावर कलाचा कोन, डोळ्यापासूनचे अंतर आणि फ्रेमचा वळसा हे आकडे भरावे लागतात. ते भरले नाहीत तर कारखाना सरासरी आकडे धरून काच करतो. ग्राहकाकडून खास काचेचे पैसे घ्यायचे आणि मागणीत सरासरी आकडे तसेच राहू द्यायचे, हा प्रकार कुठे ना कुठे घडत असणारच, आणि त्यात दुष्ट हेतूपेक्षा आळस जास्त असावा असे मला वाटते. म्हणून मागणीच्या प्रतीवर हे तीन आकडे पाहून घ्या. ते अगदी ठोकळ दिसले, तर माप कधी आणि कोणत्या फ्रेमवर घेतले ते शांतपणे विचारा.

प्रश्न : मी उद्यमबागेत टर्नर आहे. यंत्राने माझे माप ३१.४६ मिलिमीटर असे काढले. दोन दशांश स्थानांपर्यंत डोळ्याचे माप खरे असू शकते का?

यंत्र आकडा छापू शकते. डोळा तितका स्थिर नसतो. नजर किंचित हलली, ग्राहक कॅमेऱ्याऐवजी चष्मेवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागला, किंवा मान जराशी वळली, तर शेवटचाच नव्हे तर पहिला दशांशही बदलतो. आपल्याला हे वेगळे सांगायला नको : जॉब चकमध्ये तिरका पकडला असेल, तर व्हर्नियर कितीही चांगला असला तरी माप तिरक्या जॉबचेच येते. इथे चेहरा आणि फ्रेम हा जॉब आहे.

त्यामुळे फोटोआधी काय होते, याकडे लक्ष द्यावे. फ्रेम आधी आपल्या नाकावर आणि कानामागे नीट बसवून, पॅड वाकवून, काड्या जुळवून मगच क्लिप लावली पाहिजे. फोटो काढल्यावर काच बसवताना कोणी नोजपॅड पुन्हा वाकवले, तर उंचीचे माप त्याच क्षणी बाद होते. आपल्या कामात घामाने चष्मा दिवसभर घसरतो. दोन मिलिमीटर घसरलेल्या चष्म्यापुढे ०.०६ मिलिमीटरचा काय पाड? पुढे, उभे राहून फोटो काढत असतील तर कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. फोटो काढताना बरीच माणसे नकळत हनुवटी वर करून, छाती पुढे काढून उभी राहतात. हनुवटी वर गेली की समोर पाहण्यासाठी नजर काचेच्या खालच्या भागातून जाते, उंची कमी मोजली जाते, आणि मग वाचण्याचा भाग इतका खाली जातो की वाचताना रोजच मान मागे टाकावी लागते. रोज कामाच्या जागी जसे उभे असता तसेच उभे राहा.

शेवटी टॅबलेटच्या पडद्यावर बाहुलीवरची फुली आणि फ्रेमच्या कडांवरच्या रेषा चष्मेवाला बोटाने सरकवून पक्क्या करतो. तिथे आपण वाकून पाहायला हरकत नाही. फुली बाहुलीच्या मध्यावर आहे का आणि रेषा फ्रेमच्या बाहेरच्या नव्हे तर आतल्या कडेला, जिथे काच खाचेत बसते तिथे लागली आहे का, एवढे आपली नजर सहज पकडेल. तीनदा फोटो काढायला सांगा. तिन्ही मापे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली तर ते माप विश्वासाचे समजावे.

हाताने घेतलेले माप कमी प्रतीचे असते, असे मात्र नाही. जाणता चष्मेवाला समोर बसून आधी आपला एक डोळा मिटतो आणि उघड्या डोळ्याकडे पाहायला सांगतो, मग दुसरा मिटतो; यामुळे तिरकस पाहण्याची चूक टळते. मग फ्रेममधील नकली काचेवर पेनने बाहुलीची खूण करतो आणि ग्राहकाला चार पावले चालवून पुन्हा पाहतो. खडेबाजारात किंवा शहापुरात असा हात असलेला माणूस आपल्या ओळखीचा असेल, तर एकाच नंबराच्या साध्या काचेसाठी त्याला सोडून यंत्राकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : मी बेळगावात महाविद्यालयात शिकते. ऑनलाइन चष्मा मागवताना कपाळाला एटीएम कार्ड लावून सेल्फी काढायला सांगतात आणि त्यावरून पीडी काढतात. ती बरोबर असते का? नंबर उणे १.२५ आहे.

एटीएम कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर इतकी ठरलेली असते आणि तिच्याशी तुलना करून बाहुल्यांमधील अंतर काढतात. कल्पना चांगली आहे. चूक होते ती कार्ड डोळ्यांच्या पुढे धरल्याने. फोन ४० सेंटिमीटरवर आणि कार्ड डोळ्यांपेक्षा दोन सेंटिमीटर पुढे असेल, तर कार्ड पाच टक्क्यांनी मोठे दिसते आणि ६२ ची पीडी ५९ येते. जवळच्या फोनकडे पाहताना बाहुल्या आत वळतात, त्याने आणखी एक-दोन मिलिमीटर कमी होतात. खोली मोजणारा संवेदक असलेल्या फोनवर ही चूक बरीच कमी होते.

आपल्या नंबराला मात्र चार मिलिमीटरची चूक झाली तरी प्रत्येक डोळ्यात जेमतेम पाव प्रिझम येते, आणि ते डोळे सहज पेलतात. तेव्हा साधा चष्मा जरूर मागवा. मागवताना आपल्याकडचे नंबराचे कार्ड कन्नडमध्ये असेल आणि कन्नड नीट वाचता येत नसेल, तर उजवा-डावा आणि अधिक-उणे ही चिन्हे कोणाकडून तरी खात्रीने वाचून घ्या. पीडीपेक्षा त्या चुकीने जास्त नुकसान होते. आपल्या आई-वडिलांचा प्रोग्रेसिव्ह मात्र असा मागवू नका. जी फ्रेम अजून चेहऱ्यावर बसलेलीच नाही, तिच्यातील बाहुलीची उंची कुठलाही फोन सांगू शकत नाही.

प्रश्न : आईचे वय ७४ आहे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि आता फक्त वाचनाचा चष्मा लागतो. तिच्यासाठी हे माप घ्यावे का? फोटोच्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते का? (चिकोडी)

फक्त वाचनाच्या साध्या चष्म्याला त्याची गरज नाही. जवळ पाहताना बाहुल्या आत येतात, म्हणून वाचनाच्या चष्म्याची पीडी लांबच्या पीडीपेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी धरली आहे ना, एवढेच विचारा. मान किंवा हात थरथरत असतील, तर यंत्रासमोर उभे करून त्यांना दमवू नये. बसवून हाताने घेतलेले माप बरे. फोटोचा प्रकाश साध्या कॅमेऱ्याइतकाच असतो, त्याने इजा होत नाही.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला चष्मा लागला आहे. त्याचे माप एकदा यंत्राने घेतले तर तेच पुढे वापरता येईल का? आणि दुकानात राहिलेल्या त्याच्या फोटोचे काय होते? (खानापूर)

वापरता येणार नाही. मुलाचा चेहरा वाढतो तशी पीडीही वाढते, त्यामुळे दर नव्या चष्म्याला माप नवे घ्यावे. मुले फोटोसाठी स्थिर बसत नाहीत, म्हणून तीन फोटोंची गोष्ट इथे दुप्पट महत्त्वाची. मुलाची फ्रेम सैल असेल तर तो चष्म्याच्या वरून पाहतो आणि मग मापाचा काहीच उपयोग राहत नाही. कानामागे घट्ट बसणारी किंवा पट्टी असलेली फ्रेम निवडा. फोटोबद्दल सांगायचे तर तो दुकानाच्या किंवा काचेच्या कंपनीच्या संगणकावर साठवला जाऊ शकतो. मागणी पूर्ण झाल्यावर तो काढून टाका आणि आम्हाला फक्त मापाचे आकडे लिहून द्या, असे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. ते आकडे कार्डाच्या मागे तारखेसह लिहून घ्या.